तुम्ही विचारलंत म्हणून: डॉलिकोपसच्या जाती नक्की किती?

लांब तंगड्यांच्या या बारक्या माश्यांबद्दलचा हा प्रश्न मला विद्यार्थी विचारतात, सहकारी विचारतात, आणि एकदा दातांच्या डॉक्टरांनीही विचारलाय, त्यांची हत्यारं माझ्या तोंडात असताना. 'सहाशेच्या वर' हे माझं ठरलेलं उत्तर. त्यावर 'वर म्हणजे किती?' येतंच. मी हात झटकतो. मग भाचा हसून म्हणतो, "मामा, जन्मभर एकच माशी धरून बसलास, आणि तीही मोजता आली नाही?"

आता एकदाच काय ते सांगून टाकतो. हे डास नव्हेत आणि चावत नाहीत, एवढं तुम्हाला पाठ झालंय. शब्दांचं मात्र आधी सांगतो. पाठ्यपुस्तकात प्रजाती म्हणजे जीनस, वर्तमानपत्रात प्रजाती म्हणजे स्पीशीज. त्या भांडणात पडायला नको म्हणून मी जीनसला वंश म्हणतो आणि स्पीशीजला जाती.

तुम्ही ऐकता ती सहाशे नावं आहेत. नावं आणि माश्या यांचा हिशेब सारखा लागत नाही, इथूनच माझी अडचण सुरू होते. लिनियसने १७५८ साली एका हिरवट, लांब तंगड्यांच्या माशीला 'मस्का उंग्युलाटा' म्हटलं. त्याच्या लेखी बहुतेक माश्या मस्काच. १७७६ मध्ये डी गीअरने तीच माशी 'ईनियस' म्हणून पुन्हा नोंदवली. १७९६ मध्ये लात्रेयने डॉलिकोपस हा वंश उभा केला आणि माशी त्यात आली. माशी एक, नावं दोन, आणि दुसरं आज बाद. अशी किती जोडनावं अजून उघडी पडायची आहेत ते कोण सांगणार? उलट बाजूही आहे. लोएव्हने १८५७ मध्ये हायग्रोसेल्युथस नावाचा वंश काढला, शृंगिकेचा, म्हणजे डोक्यावरच्या अँटेनाचा, पहिला खंड लांब आणि फुगीर म्हणून. आज तो डॉलिकोपसचा उपवंश धरतात. म्हणजे एकही नवी माशी न पकडता आमचा आकडा वाढला.

मग डॉलिकोपस ओळखायचा कसा? मागच्या पायाच्या टार्ससचा, म्हणजे टोकाकडच्या पाऊलभागाचा, पहिला खंड बघायचा, बेसिटार्सस. त्याच्या वरच्या अंगाला एक किंवा अनेक जाड राठ केस असले तर डॉलिकोपस. नसले तर 'की', म्हणजे ओळख पटवायची प्रश्नमाला, पुढे चालवायची. तिथे हर्कोस्टोमस, जिम्नॉप्टर्नस वगैरे शेजारच्या वंशांची मंडळी बसलेली असतात. जिम्नॉप्टर्नस या नावाचा अर्थच उघडी टाच. माशी अवघी काही मिलिमीटरची. तिच्या मागच्या पायावरचा एक केस, आणि त्या केसावर सहाशे जातींच्या वंशाचं दार.

हे मी वर्गात मोठ्या झोकात सांगायचो. 'केस बघा, वंश सांगा.' तेव्हाचा मी समोर आला तर त्याला दोन शब्द सुनावीन. पण तोही काही वेडा नव्हता. त्या वयात मला हाताशी धरता येईल असं काहीतरी हवं होतं, आणि केस धरता येतो.

आता ती बाटली.

एका संग्रहातून ओळख पटवण्यासाठी अल्कोहोलच्या बाटलीतला माल आला होता. मॅलेझ सापळ्यातला, म्हणजे किडे धरायच्या तंबूसारख्या जाळीतला, ओढ्याकाठचा. त्यात तीन नर असे निघाले की जननांगांची ठेवण मला कुठेच जुळेना. मागच्या बेसिटार्ससवर केस नाही. म्हणजे हर्कोस्टोमस. हर्कोस्टोमस हे आमच्याकडचं अडगळीचं कपाट आहे. दुसरीकडे न बसणारं सगळं तिथे कोंबलेलं, आणि त्या माश्यांचा मूळपुरुष एक नाही हे बहुतेकांना मान्य आहे. अशा कपाटात आणखी एक नवी जात ठेवायला कुणाची हरकत नसते. हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच, असं आज वाटतं.

वर्णन लिहिलं. जननांगांची चित्रं चार वेळा काढली. नाव ठेवलं बाईंचं, ज्यांनी मला पहिल्यांदा मायक्रोस्कोपखाली माशी दाखवली त्या बाईंचं. नावांच्या बाबतीत आमच्यात गंभीरच असावं लागतं असं नाही. हवाईतल्या कॅम्प्सिक्नेमस या आमच्याच कुलातल्या (कुल म्हणजे अनेक वंशांचा गट) वंशात १९९६ मध्ये एव्हनहुईसने एका माशीला 'चार्लीचॅप्लिनी' म्हटलं, कारण ती मरते तेव्हा मधले पाय चॅप्लिनसारखे फेंगडे करून मरते. मी मात्र गंभीर होतो. छापून यायच्या आधी नाव कुणाला सांगू नये, हा साधा नियम मोडून बाईंना फोनवर सांगितलंही. त्यानंतर त्या दर फोनला विचारायच्या, "माझी माशी आली का रे छापून?"

नियतकालिकाच्या परीक्षकाचा अभिप्राय आला. दीड पानाच्या बारीकसारीक दुरुस्त्या, आणि शेवटी एकच ओळ: मागच्या बेसिटार्ससवर झडलेल्या केसाची खळगी आहे का, ते तपासलं का?

मी भडकलो. तीन पानी उत्तर लिहिलं: तिन्ही नर, मागचे सहाही पाय, केस नाही, चित्र क्रमांक अमुक पाहावे. पाय पुन्हा न बघता लिहिलं, हे मुद्दाम नोंदवतो. उत्तर धाडायच्या आदल्या रात्री, निव्वळ आपलं बरोबर आहे याची मजा घ्यावी म्हणून, एक नर काचेच्या खाचेत घेतला. पाय चिमट्याने आडवा केला. उजेड नेहमी वरून असायचा, तो त्या दिवशी बाजूने टाकला.

वरच्या अंगाला, खंडाच्या मध्याच्या जरा अलीकडे, एक फिकट गोल कडं होतं. आजूबाजूच्या बारक्या केसांच्या मुळांपेक्षा दुप्पट मोठं, मध्ये खोल, आणि रिकामं. पाय फिरवला. कडं तिथेच. दुसरा पाय, तिथेही. सहापैकी पाच पायांवर खळग्या होत्या, आणि सहाव्यावर खळगीत केसाचं तुटकं बूड शिल्लक होतं, काळं, डोळ्यात भरण्यासारखं. ते बूड आधीही तिथेच होतं. मी त्या पायाचं चित्र काढलेलं होतं.

डॉलिकोपसची की काढली. डोळ्यामागच्या खालच्या केसांचा रंग, पुढच्या मांडीचा रंग, पंख, मधल्या पायाचा टार्सस. वीस मिनिटांत नाव सापडलं. एकोणिसाव्या शतकातच वर्णन झालेली, सर्वत्र सापडणारी माशी. तिची जननांगं कुठेच जुळत नव्हती, कारण मी ती फक्त हर्कोस्टोमसच्या चित्रांशी जुळवत बसलो होतो.

बाजू मांडायची तर मांडता येते. बाटली दूरवरून हिंदकळत आली होती, अल्कोहोलमध्ये राठ केस झडतात हे सगळ्यांना माहीत आहे, खळगी बाजूच्या उजेडाशिवाय सहज दिसत नाही. हे सगळं खरं आहे. बाईंना फोन केला तेव्हा मी हेच क्रमाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग दोन वर्षं तू बघत काय होतास?"

मला उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा माशीचा विषय काढला नाही, आणि मीही नाही.

तुमच्या आकड्याकडे येतो. १९२१ मध्ये व्हॅन ड्यूझी, कोल आणि ऑल्ड्रिच यांनी उत्तर अमेरिकेतल्या डॉलिकोपसचा एकत्र आढावा घेतला. आज एकट्या त्या खंडातून तीनशेच्या वर जाती धरतात. पण या जाती ओळखायच्या बहुतेक नरांवरून. प्लुमिपेस या जातीच्या नराच्या मधल्या पायाला पिसासारखी झालर असते, पॉप्युलॅरिस या जातीच्या नराचा मधला टार्सस चपटा. ही नटवी तंगडी मादीपुढे मिरवायची. मादीचे पाय साधे, त्यामुळे बाटलीत दोन जवळच्या जातींच्या माद्या एकत्र आल्या की माझ्यासारखा माणूस 'यांच्यासोबत सापडल्या' म्हणून त्या नरांच्या गळ्यात बांधतो. आता डीएनए आला, प्रश्न मिटेल असं वाटलं होतं. २०१० च्या सुमारास याच कुलावर काम करणाऱ्यांनी दाखवलं की पायांची साक्ष आणि डीएनएची साक्ष जुळतेच असं नाही. मग झालरीवरून वेगळ्या केलेल्या दोन जाती एकच धरायच्या का? तरुणपणी मी म्हटलं असतं, झालर वेगळी तर जात वेगळी. आज तसं म्हणवत नाही, आणि उलटंही म्हणवत नाही. मादीला झालर दिसते, डीएनए दिसत नाही, असं माझा एक सहकारी म्हणतो. मला ते पटतं, बहुधा सोयीचं आहे म्हणून.

आणि तो केस? वंश त्यावर टांगणं बरोबर आहे का, हेही मला विचारतात. बहुतेक वेळा चालतं. याहून ठाम विचारू नका.

तेव्हा सहाशेच्या वर. भाच्याला हेच सांगा.

त्या बाटलीतल्या अकरा माद्या अजून माझ्या कपाटात आहेत. चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात 'हर्कोस्टोमस' आहे, पुढचं प्रश्नचिन्ह वेगळ्या शाईतलं. नऊ माद्यांच्या पायांवर खळगी दिसली. दोघींचे मागचे पाय गुडघ्यापासूनच गळालेत.