लाईट आली की त्याचा फोन वाजतो

परवा रात्री सव्वाबाराला भावाचा फोन वाजला. म्हणजे त्याचा हँडसेट, तो आता आमच्या मायच्या उशाला असतो. माय दचकून उठली, मीपण. स्क्रीनवर नाव 'विहीर'. उचलला तर तीच रेकॉर्ड केलेली बाई, लाईट आली आहे, मोटर चालू करण्यासाठी अमुक बटण दाबा.

शहरातल्यांना कळायचं नाही म्हणून सांगते. विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत एक सिमकार्ड टाकलेलं असतं, थ्री फेज आली की ती पेटीच मालकाला फोन लावते अन् मालकानं घरी अंथरुणातून बटण दाबलं की मोटर चालू. शेतीची लाईट आमच्याकडं काही दिवस दिवसा अन् काही दिवस रात्री असती, त्यामुळं माणूस रात्रभर त्या लाईटीच्या मागं. मीच त्याच्या मागं लागून ते घ्यायला लावलं होतं, की बाबा राती-बेराती शेतात जाऊ नकोस, साप-किरडू असतंय. घेतलं त्यानं, पण जायचं काही थांबलं नाही. "अक्का, मोटर फोनवर चालू होती गं, दारं कोण धरणार, तू पुण्यावरून?"

त्या रात्रीपण दारंच धरायला, म्हणजे एकेका साऱ्यात पाणी वळवायला, गेला होता. कार्तिक होता, गहू नुकता उगवलेला. संध्याकाळपासून छातीत जळजळ करायली म्हणत होता, पित्त झालंय म्हणून सोडा पिला अन् बॅटरी घेऊन गेला. दोनला परत आला, ओट्यावर बसला, भावजयीला पाणी मागितलं, अन् पाणी घेऊन ती बाहेर येईपर्यंत आडवा झालेला. शेजाऱ्याच्या जीपमधी घातलं, औसा यायच्या आधीच संपलं होतं सगळं. डॉक्टर म्हणले हार्ट. वय ३४. घाम, जळजळ, डावा हात जड, हे सगळं होतं म्हणे, पण आपल्याकडं चौतिशीतल्या गड्याला पित्तच होतं ना.

मला साडेतीनला फोन आला, त्याच्याच नंबरवरून. मी झोपेत चिडून म्हणले, "काय रे, एवढ्या राती?" पलीकडं चुलते होते. ते कितीतरी वेळ काहीच बोलले नाहीत. माझं ते चिडकं वाक्य कानातून जात नाही, अन् ते त्यानं ऐकलंच नाही हे माहीत असूनपण जात नाही.

तसा तो भूकंपातला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६, किल्लारीचा भूकंप. गणपती विसर्जनाची रात्र, मी नऊ वर्षांची, तो तीन. घर दगडमातीचं, वर माळवद. मी त्याला कसं बाहेर काढलं मला नीट आठवतसुद्धा नाही, पायाला धरून ओढत आणलं असं माय सांगती. मोठा झाल्यावर गावभर सांगायचा, अक्कानं वडलं म्हणून माझा एक पाय लांब हाय. खरंच थोडा तिरका चालायचा, पण ते बैलानं पाय दिल्यामुळं. दिवसाला आलेले लोक म्हणायले, एवढ्या भूकंपातून वाचला अन् बघा. मला त्या लोकांना उठवून लावावं वाटत होतं.

औंदा येळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा आमचा शेतातला सण, केली नाही. वर्षाच्या आत सण नसतो. दरवर्षी आंबिलीचं बिंदगं तोच डोक्यावर घ्यायचा, ते बायांचं काम म्हणून गडी हसायचे तर ह्याचं ठरलेलं, "मायची मान दुखती, तुमची जीभ दुखत नाही का." खोपीपर्यंत जाईस्तोवर अर्धी आंबील शर्टावर. त्याचा तो निळा शर्ट अजून खुंटीला आहे, खांद्यावर आंबिलीचा डाग, भावजय धुवू देत नाही. औंदा शेजारच्या शेतातून भज्जी अन् बाजरीचे उंडे आले डबा भरून. मायनं झाकण उघडून बघितलं, परत लावलं.

स्टार्टरमधला नंबर बदलता येतो, त्याच्याच फोनवरून एक मेसेज टाकायचा, दुकानदारानं मला सांगितलंय. मी तो टाइप करून ठेवलाय, पाठवला नाही. उलट रिचार्ज मारला, ८४ दिवसांचा.

तर परवा. आम्ही दोघी बसलोय तेवढ्यात भाचा उठून आला, अकरा वर्षांचं लेकरू, मायच्या हातातून फोन घेतला, बटण दाबलं अन् बापाची बॅटरी शोधायला लागला.

"आत्या, यायलीस का? वरच्या कोपऱ्यातलं दारं आधी मोडायचं, तिथं पाणी चढत नाही."

मी पुण्याची चप्पल घालून गेले. पहिल्याच साऱ्यात चिखलात रुतली, सापडली नाही. तो पुढून वरडायला, "आत्या, अनवाणीच ये, पप्पापण तसंच करायचे."