सिग्नलचा हात

पूर्ण होत आलेले स्टेशन उलटे झाले आहे हे माझ्या लक्षात आले, त्या दिवशी त्याच्या आढ्यावरची कौले तेवढी बसवायची राहिली होती.

इमारतींच्या प्रतिकृती बनवणे हा पुण्यातला माझा व्यवसाय आहे. बहुतेक काम बांधकाम व्यावसायिकांचे असते: अजून उभ्या न राहिलेल्या संकुलांची शंभरास एक किंवा दोनशेस एक प्रमाणातली मॉडेल्स, ज्यांचे नकाशे वास्तुविशारदाकडून संगणकावर तयार येतात आणि ज्यांचे ॲक्रिलिक लेझरवर कापून घेतले की निम्मे काम संपते. शाळेत असताना कोथरूडच्या जोशी लघुरेल्वे संग्रहालयात काचेपलीकडची गावे, पूल आणि स्टेशने पाहून मी या कामाकडे ओढला गेलो होतो. पण रेल्वेसाठीची इमारत माझ्याकडे प्रत्यक्षात आली ती या एका प्रकरणात.

काम घेऊन आलेल्या ताईंचे आजोबा पुणे-मिरज मार्ग मीटरगेज, म्हणजे रुळांमध्ये एक मीटर अंतर असलेला, होता त्या काळात एका लहान स्टेशनावर स्टेशनमास्तर होते. सत्तरच्या दशकाच्या आरंभी तो मार्ग ब्रॉडगेज झाला आणि ती जुनी इमारत पाडली गेली. ताई घरातल्या एका खोलीत त्या स्टेशनाचा देखावा उभारत होत्या. प्रमाण एकशेसाठास एक. मीटरगेजचे एक हजार मिलिमीटर या प्रमाणात सव्वासहा मिलिमीटर होतात, म्हणून त्यांनी साडेसहा मिलिमीटर रुंदीचा, खरे तर दोनशेवीसास एक प्रमाणाच्या गाड्यांसाठी विकला जाणारा रूळ वापरला होता आणि त्यावर चालणाऱ्या यंत्रावर वायपी वर्गाच्या वाफेच्या इंजिनाचे कवच बसवले होते. रूळ, इंजिन, डबे सारे तयार होते. स्टेशन नव्हते, आणि ते कसे होते हे सांगणारा एकच कागद घरात उरला होता. बॉक्स कॅमेऱ्याने काढलेला, सहा बाय नऊ सेंटिमीटरचा, काठ पिवळे पडलेला तो फोटो होता.

या प्रमाणात काम करणे म्हणजे काय, हे थोडे सांगायला हवे. खऱ्या इमारतीतले सोळा सेंटिमीटर येथे एका मिलिमीटरात मावतात. सात फुटांचा दरवाजा तेरा मिलिमीटरांचा होतो. मंगलोरी कौल अडीच मिलिमीटर लांब आणि दीड मिलिमीटर रुंद होते. आगीसाठी टांगलेली लाल बादली साबुदाण्याच्या दाण्याहून लहान भरते. रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर जाड बसला तर तो भिंतीवर दीड सेंटिमीटर गिलावा चढवल्यासारखा दिसतो, आणि दगडांमधल्या दर्जा, म्हणजे सांध्यांच्या रेघा, बुजून जातात. खिडकीच्या गजांसाठी मी विजेच्या वायरीतली तांब्याची सर्वांत बारीक तार सोडवून, ताणून सरळ करून घेतो. काळ्या दगडाच्या भिंतींसाठी अर्धा मिलिमीटर जाडीच्या पांढऱ्या स्टायरिन प्लॅस्टिकच्या शीटवर सुईने एकेक दर्ज ओढावी लागते. ते शीट लेझरच्या उष्णतेने वितळते, त्यामुळे तेथे हाताला पर्याय नाही. बिल्डरच्या मॉडेलमध्ये मागची बाजू साधी ठेवली तरी चालते. येथे गाडी वळसा घालून इमारतीच्या मागून जाते आणि पाहणारा तिच्याबरोबर फिरतो, म्हणून माहीत नसलेल्या बाजूचाही काहीतरी निर्णय घ्यावाच लागतो. मला या कामातली हीच सक्ती सर्वांत मोलाची वाटते.

मापे त्या फोटोतूनच काढायची होती. फोटो फलाटावर उभे राहून, फलाटाच्या लांबीच्या दिशेने काढलेला होता: डावीकडे इमारत, उजवीकडे रूळ, अगदी जवळ स्टेशनमास्तरांचे क्वार्टर, त्यापुढे कचेरी, तिकिटाची खिडकी, आणि फलाटाच्या टोकाशी खांबावर आडवा हात असलेला जुन्या पद्धतीचा एक सिग्नल. क्वार्टरच्या जवळच्या कोपऱ्यापासून फोटोच्या तळकाठाला समांतर रेघ ओढली की ती ज्या ठिकाणी रुळांना छेदते, तेथे दोन रुळांमधले अंतर खरोखर एक मीटर आहे हे निश्चित होते. फोटोत ते साडेदहा मिलिमीटर भरले. त्यावरून कोपऱ्याची उंची मिळाली, कोपऱ्यावरचे दगडांचे थर मोजून एका थराची उंची मिळाली, आणि मग इमारत दूर जाताना लहान लहान होत जाणाऱ्या त्याच थरांना धरून मी दारे, खिडक्या आणि पडवीचे खांब एकेक करत मागे सरकत गेलो. नऊ दिवस गेले. दोन वेगळ्या मार्गांनी काढलेली कचेरीच्या दाराची उंची पाच सेंटिमीटरांच्या फरकाने जुळली, तेव्हा मला फार आनंद झाला होता. फोटो थोडा धूसर होता. स्वस्त कॅमेऱ्याच्या भिंगाचा दोष म्हणून मी तो सोडून दिला.

रंग देण्यापूर्वी एकदा वडिलांना दाखवावे अशी ताईंची इच्छा होती. त्यांना मी काका म्हणतो; ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि त्या क्वार्टरमध्ये ते वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत राहिले होते. माझ्या कार्यशाळेत ते आले, खुर्ची टेबलाजवळ ओढून बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मॉडेलला हात न लावता बोट वर धरून विचारले, "रुळांवर उभे राहून स्टेशनाकडे पाहिले, तर आमचे क्वार्टर उजव्या हाताला नव्हते का? पुण्याच्या बाजूला?"

मी म्हणालो, "काका, फोटोत ते डावीकडे येते आहे."

"पुण्याहून गाडी यायची ना, तेव्हा आधी आमच्या स्वयंपाकघरातली भांडी वाजायची आणि मग बाबांच्या टेबलावरची घंटी. आई भांड्यांचा आवाज आला की चहा ठेवायची."

मी त्यांना फोटो दाखवला आणि मापे कशी काढली ते समजावून सांगितले. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, पुन्हा मॉडेलकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "तुम्ही इतके मोजून केले आहे. माझीच आठवण फिरली असेल. पुष्कळ वर्षे झाली." त्यांनी वाद घातला असता तर मला ते सोपे गेले असते. आपल्या घराची जागा परक्या माणसाच्या मोजमापावर विश्वास ठेवून त्यांनी सोडून दिली, हे मला खटकत राहिले.

ते गेल्यावर मी सिग्नल करायला घेतला. आढ्याच्या कौलांआधी तो करून टाकावा असे वाटले, कारण आठ मिलिमीटर लांबीचा तो हात रंगवायला दिवसाचा उजेड लागतो. हाताच्या पुढच्या बाजूला लाल रंग आणि टोकाकडे पांढरी पट्टी असते. मागची बाजू पांढरी आणि तिच्यावर काळी पट्टी. म्हणून आपल्याला फोटोत कोणती बाजू दिसते आहे हे पाहायला मी फोटो भिंगाखाली धरला. गडद हात, त्यावर फिकट पट्टी. म्हणजे पुढची बाजू. ज्या चालकासाठी तो सिग्नल आहे, त्याच्याच दिशेने कॅमेरा उभा होता. मी हात पक्कडीत धरला, खांबाला लावायला गेलो आणि थांबलो.

आपल्याकडे गाड्या डाव्या बाजूने चालतात, आणि त्या पद्धतीत सिग्नलचा हात चालकाला खांबाच्या डावीकडे दिसतो. फोटोत तो खांबाच्या उजवीकडे होता.

फोटो उलटा छापलेला होता. निगेटिव्हवरून थेट कागदावर छापताना फिल्मची रसायनाचा थर असलेली बाजू कागदाला टेकवायची असते; ती चुकून वर राहिली तर चित्र आरशातल्यासारखे येते, आणि थर व कागद यांच्यामध्ये फिल्मची जाडी आल्यामुळे किंचित धूसरही होते. ज्याला मी भिंगाचा दोष समजलो होतो, ती धूसरता पहिल्या दिवसापासून हेच सांगत होती. फोटोत एकही अक्षर नव्हते. नावाची पाटी चौकटीबाहेर राहिली होती, आणि कचेरीच्या दारात उभे असलेले मास्तर इतके लहान होते की त्यांच्या कोटाची बटणे कोणत्या बाजूला आहेत हेही दिसत नव्हते. मी फोटो स्कॅन करून संगणकावर फिरवला. इमारत उजवीकडे गेली, क्वार्टर काकांनी सांगितले तिकडे गेले, सिग्नलचा हात डावीकडे आला. सगळी मापे बरोबर होती, आणि सगळी इमारत चुकली होती.

रात्री नऊ वाजता मी ताईंना फोन केला. "बाबांचेच बरोबर आहे," एवढे सांगून मी कारण सांगायला लागलो, तर त्यांनी मला थांबवून फोन काकांकडे दिला आणि मला सगळे पहिल्यापासून त्यांना सांगावे लागले. सिग्नलचे सांगितल्यावर ते म्हणाले, "हो, डावीकडेच. बाबा मला त्याच्यावरूनच डावे-उजवे शिकवायचे."

आरशातली इमारत फिरवून ठेवली म्हणून सरळ होत नाही. भिंती नव्याने कराव्या लागल्या. दोन्ही त्रिकोणी बाजूभिंती समान असल्यामुळे त्यांची अदलाबदल करता आली, पडवीचे खांब आणि छपराचे उतार वाचले, परंतु लांब भिंतींवरच्या दर्जा पुन्हा सुईने ओढण्यात बारा दिवस गेले. त्या दिवसांचे पैसे मी घेतले नाहीत, कारण स्टेशनात राहिलेल्या माणसाला मी फोटो दाखवून गप्प केले होते. दुसऱ्या वेळी मात्र प्रत्येक भिंत चिकटवण्यापूर्वी मी काकांना फोन करत असे. त्यामुळे फोटोत मुळीच न दिसणारी मागची बाजूही मिळाली: न्हाणीघर, लाकडे ठेवायची पत्र्याची पडवी, आणि स्वयंपाकघराची एक खिडकी, जी मी अंदाजाने मधोमध घेतली होती आणि जी प्रत्यक्षात पार कोपऱ्यात होती.

ताईंच्या घरी स्टेशन बसवले तेव्हा मी सोबत फोटोचा सरळ करून मोठा केलेला छापही नेला होता. काकांनी तो मांडीवर ठेवला. ताईंनी पुण्याच्या बाजूने गाडी सोडली. वायपीचे इंजिन चार डबे घेऊन सिग्नलकडे निघाले आणि आधी क्वार्टरपाशी, मग कचेरीपाशी पोहोचले. काका वाकून त्या कोपऱ्यातल्या खिडकीकडे पाहत होते. गाडी पुढे गेल्यावर त्यांनी ताईंना ती मागे घ्यायला सांगितली, आणि पुन्हा एकदा पुण्याहून आणायला सांगितली.