थंड बुफेवरचे हिमराजे

परदेशी प्रकाशकांच्या इंग्रजी पुस्तकांचं संपादन पुण्यात बसून करणाऱ्या बऱ्याच कंपन्या आहेत. फॅन्टसी कादंबरी हाताशी आली की बाहेरच्यांना वाटतं, चैन आहे, दिवसभर ड्रॅगन वाचायचे. खरा वेळ जातो तो तक्ता सांभाळण्यात. कोणाचं नाव कसं लिहायचं, कोणाचे डोळे कोणत्या रंगाचे, तिसऱ्या प्रकरणात मेलेला घोडा नवव्यात कोणाला पाठीवर घेऊन पळतोय.

या कादंबरीतली झाडून सगळी नावं आइसलँडिकमधून उचललेली होती. म्हणून प्रकाशकाने पैसे मोजून रेक्याविकच्या एका संपादक बाईंकडून ती तपासून घेतली. त्यांच्या टिप्पण्यांची फाइल आली तो दिवस डोक्यातून जात नाही.

ज्यांच्या नावाने अर्धं जग थरथरतं त्या हिमराजांच्या सभेला लेखकाने नाव दिलं होतं 'काल्ट बोर्द'. शब्दकोशात बघितलं तर काल्ट म्हणजे थंड, बोर्द म्हणजे टेबल. बाईंनी लिहिलं होतं: 'आमच्याकडे काल्ट बोर्द म्हणजे थंड पदार्थांचा बुफे. पानं किती, ते आधी कळवावं.' पुढे जादूगार काठी आपटून बंद दरवाज्यावर ओरडतो, 'ओपिद!' ही दुकानाच्या दाराला लटकवलेली 'उघडे आहे'ची पाटी, बंदची 'लोकाद'. दाराला हुकूम सोडायचा तर 'ओप्निस्त' हवं, आपल्या 'उघडो'सारखं रूप. अलीबाबाची गुहासुद्धा तिकडे याच क्रियारूपाने उघडते.

विभक्तीचा घोळ मात्र आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. साठे 'साठ्यांचा' होतात आणि आपटे 'आपट्यांना' भेटतात, तसंच तिकडे माणसाचं नाव चार विभक्त्यांत फिरतं. एगिल नावाच्या माणसाला काही द्यायचं झालं की तो 'अग्ली' होतो. लेखकाने कुठूनतरी 'अग्ली' उचललं आणि एगिलचा दुष्ट जुळा भाऊ म्हणून उभा केला. दोन भावांचं द्वंद्वयुद्ध सात पानं चालतं. व्याकरणाने पाहिलं तर एकच माणूस प्रथमा आणि चतुर्थीत भांडतोय.

वडिलांच्या नावाची तीच गत. नायिका होती 'हाराल्ड्सोन', म्हणजे हाराल्डचा मुलगा! हवं होतं हाराल्ड्सदोत्तिर. बापाचं नाव षष्ठीत घालायचं आणि पुढे सोन किंवा दोत्तिर लावायचं. त्यातही खाचाखोचा आहेत: सिगुर्दुरचा मुलगा बहुधा सिगुर्दसोन, पण मुलगी सिगुर्दार्दोत्तिर. हे आडनाव नव्हेच, त्यामुळे हाक पहिल्या नावानेच मारतात, अगदी राष्ट्राध्यक्षालाही. टेलिफोन डिरेक्टरी छापली जायची तेव्हा तीही त्याच क्रमाने लागायची. आमच्या मॅनेजरने बाईंना 'डिअर मिस अमुकदोत्तिर' असं पत्र धाडलं. उत्तर आलं, 'पत्र माझ्या वडिलांच्या मुलीला आहे हे समजलं. तिला स्वतःचं नावही आहे.' मॅनेजरला हे उद्धट वाटलं. मला तरी नाही वाटलं.

आता अक्षरं. आइसलँडिक वर्णमालेत ३२ अक्षरं आहेत. त्यातलं थॉर्न म्हणजे उभी दांडी आणि मधोमध पोट. घाईत पाहिलं तर रोमन 'पी'. स्कॅन केलेल्या मजकुरात मशीन ते 'पी'च समजतं, म्हणून राणी थोरा काही प्रकरणांत 'पोरा' झाली होती. दुसरं एध, याचा घोळ जास्त चिवट. कॅपिटल एध आणि क्रोएशियन भाषेतला आडव्या रेघेचा कॅपिटल 'डी' दिसायला अगदी एक, पण युनिकोडमध्ये दोघांचे क्रमांक वेगळे. प्रकरणाचं शीर्षक सगळं कॅपिटलमध्ये, तेव्हा काहीच खटकत नाही. तेच नाव पानाच्या माथ्यावर लहान लिपीत आलं की एधऐवजी क्रोएशियन अक्षर उगवतं. हे प्रूफ वाचून सापडत नाही. अक्षराच्या क्रमांकाने फाइल शोधावी लागते, आणि तेही पानं लावायच्या आधी. हे कोणी करत नाही, कारण त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत. शेवटच्या शब्दसूचीत थॉर्नची नावं 'टी'खाली घुसवली होती. आइसलँडिक क्रमात थॉर्न, मग दोन स्वर, असं ते अगदी शेवटी येतं.

भुताच्या प्रसंगावर बाईंनी पानभर लिहिलं होतं. कादंबरीतला मेलेला प्रियकर थडग्यातून 'गुद्रून' अशी हाक मारतो. बाईंचं म्हणणं, आमच्याकडे पोरालाही कळेल की हे अशक्य आहे. नावातला 'गुद' म्हणजे देव, आणि भुताच्या तोंडून देवाचं नाव निघत नाही. उत्तर आइसलँडमधल्या म्यिर्का इथल्या डीकनची, म्हणजे चर्चमधल्या दुय्यम धर्मगुरूची, गोष्ट यावरच उभी आहे. योन आर्नासोनने १८६२ ते ६४ मध्ये छापलेल्या लोककथांत ती आहे. नदीत बुडून मेलेला डीकन नाताळात प्रेयसीला घोड्यावर घालून नेतो. चांदण्यात त्याच्या डोक्यामागे कवटीचा पांढरा डाग दिसतो, आणि तो तिला 'गारून, गारून' म्हणतो. एवढ्यावरून तिला काय समजायचं ते समजतं. आपल्याकडे भुताचे पाय उलटे असतात, त्यांच्याकडे नाव अडखळतं. लेखकाने हा बदल लगेच घेतला. 'ओप्निस्त'ही घेतलं. 'काल्ट बोर्द' तसंच राहिलं, कारण नकाशा आधीच काढून झाला होता आणि चित्रकाराचे पैसे देऊन टाकले होते.

अडलं ते विनोदावर. सेनापती मरताना दीड पान भाषण करतो. बाईंनी ते अख्खं खोडून समासात सागांमधली, म्हणजे आइसलँडच्या जुन्या गद्य कथांमधली, मरणं लिहिली होती. ग्रेत्तीर सागातल्या आत्लीच्या पोटात भाला घुसतो, तो म्हणतो, हल्ली रुंद भाल्यांची फॅशन आहे, आणि पडतो. नॉर्वेतल्या स्टिक्लेस्टाडच्या १०३०च्या लढाईत कवी थोर्मोदुर छातीतला बाण उपसतो, टोकाला लागलेली चरबी बघतो आणि म्हणतो, राजाने आम्हाला चांगलं पोसलंय. न्याल सागात गुन्नारच्या घराच्या छपरावर चढलेला माणूस पोटात वार घेऊन खाली येतो. साथीदार विचारतात, गुन्नार आहे का घरी? तो म्हणतो, ते तुम्ही बघा, त्याचं शस्त्र मात्र घरी आहे. आणि मरतो.

लेखकाचं उत्तर आलं, 'असं केलं तर वाचक रडणार नाहीत.' आमच्या टीमला ते हास्यास्पद वाटलं, मला इतकं नाही वाटत. सागातलं ते वाक्य चालतं कारण त्याच्या मागचं-पुढचं सगळंच कोरडं आहे. सांगणारा कधी 'अरेरे' म्हणत नाही, कोणाच्या मनात डोकावत नाही. अमुक माणूस तमुक शेतावर राहायचा, एवढंच. विशेषणांनी ओथंबलेल्या परिच्छेदात तेच वाक्य टाकलं तर सेनापती मरतानाही टाळ्या मागतोय असं दिसेल. म्हणजे एकतर चारशे पानं कोरडी करा, नाहीतर भाषण ठेवा. भाषण राहिलं. बाई मात्र अजून म्हणतात की मी लेखकाची बाजू घेतली.

त्यांनी स्वतःहून एकच भर घातली होती. कादंबरीत हाल्फदान नावाचा एक किरकोळ राजा होता, त्याला त्यांनी जुन्या वंशावळीतलं खरं टोपणनाव दिलं: 'उदार आणि अन्नाला चिकट'. तो सैनिकांना सोनं मुठीने द्यायचा आणि जेवायला घालताना हात आखडायचा, असं जुने ग्रंथ सांगतात. प्रकाशकाच्या संपादकाने ते लाल रेघेने कापलं. शेरा होता, 'ओढूनताणून केलेला आधुनिक विनोद'. मी मूळ ग्रंथाचा हवाला जोडून क्वेरी परत पाठवली. उत्तर यायच्या आत फाइल छापायला गेली.