पळणं एकवेळ जमतं, पैसे मागणं नाही

मुंबई मॅरेथॉनची फुल, म्हणजे ४२ किलोमीटरची, पळायचं ठरवलं तेव्हा वाटलेलं की फार तर गुडघे बोंबलतील. पण डिमेन्शियावर, म्हणजे स्मृतिभ्रंशावर, काम करणाऱ्या एका संस्थेसाठी पैसे पण गोळा करायचे म्हटल्यावर खरी दमछाक व्हॉट्सॅपवर झाली.

पद्धत तशी सोपी आहे. मॅरेथॉनची चॅरिटी युनायटेड वे मुंबई बघते, त्यांच्याकडे नोंद असलेली एक संस्था आपण निवडायची, आपलं पेज तयार होतं आणि मग लिंक पाठवत सुटायचं. मी लाखाचं टार्गेट टाकलं आणि सगळ्या ग्रुपवर मेसेज केला, तर अंगठे आणि हात जोडलेले भरपूर आले, पैसे जवळपास शून्य. आणि वर प्रश्न, 'अगं वय झालं की सगळेच विसरतात, त्याला संस्था कशाला?'

आता यांना काय सांगायचं? माझे बाबा बँकेत कॅशियर होते, नोटा मोजण्यात आयुष्य गेलं, आणि एक दिवस भाजीवाल्याला पन्नासची नोट दिल्यावर किती परत घ्यायचे ते त्यांना कळेना. आता संध्याकाळ झाली की आमच्याच हॉलमध्ये बसून 'चला, घरी जाऊया, आई वाट बघत असेल' सुरू होतं, म्हणून दाराला वरच्या बाजूला वेगळी कडी लावलीय. हा आजार आहे, नुसतं वय नाही. अल्झायमर हा त्यातला सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार, पण स्ट्रोकमुळे होणारा पण असतो. भारतात साठीपुढच्या साधारण ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असावा असा २०२३ चा अंदाज आहे.

मग दुसरा मेसेज लिहिला, त्यात आकडे काढून टाकले आणि फक्त हे बाबांचं लिहिलं, आणि पैसे कुठे जाणार तेही, म्हणजे डे केअर सेंटर, घरी सांभाळणाऱ्यांना ट्रेनिंग वगैरे. त्यावर फोन यायला लागले! वरच्या मजल्यावरच्या काकूंनी पाचशे दिले आणि तासभर बोलत बसल्या, त्यांच्या सासूबाई जेवून हात धुतला की पुन्हा ताट मागतात आणि खिडकीतून शेजाऱ्यांना सांगतात की सून उपाशी ठेवते. इतकी वर्षं एकाच बिल्डिंगमध्ये राहतो आणि मला पत्ताच नव्हता. आम्ही तरी आमचं कुठे सांगितलेलं म्हणा.

पळायचं ट्रेनिंग पावसाळ्यात सुरू केलं, ठाण्यातच उपवन तलावाला राऊंड, कधी येऊरचा चढ. रविवारचा लाँग रन असेल तर भाऊ शनिवारी रात्रीच मुक्कामाला यायचा, कारण बाबांना एकटं सोडून मी पळूच शकत नाही. ज्यांना असा भाऊ नाही त्यांचं काय होत असेल ते त्या रविवारीच कळायचं.

रेसबद्दल फार नाही सांगत. पहाटे अंधारात सीएसएमटीहून सुटलो, सी लिंकवर मस्त वारा, शिवाजी पार्कला लोक संत्री, चिक्की, स्प्रे घेऊन उभे, अनोळखी आजी 'पळ गं बाई' म्हणतायत. परतीचा पेडर रोडचा चढ मात्र पस्तीस किलोमीटर झाल्यावर येतो, तिथे मी सरळ चालले, लाज नाही वाटली. टीशर्टवरचं संस्थेचं नाव वाचून एक जण बाजूला आला, 'माझ्या आईला आहे' एवढंच म्हणाला, थोडा वेळ सोबत चालला आणि मग पळत पुढे गेला.

टार्गेट पूर्ण झालं, थोडे वरच आले. आता उरलंय ८०जीचं, म्हणजे देणगीवरच्या टॅक्स सवलतीच्या कागदांचं काम. जुन्या टॅक्स रिजीमवाल्यांनाच त्याची सूट मिळते आणि पॅन नंबर लागतोच, तो पैसे घेतानाच मागून ठेवा, नंतर लोक फोन उचलत नाहीत. आमच्या मामांचा अजून आलेला नाही, रोज 'पाठवतो गं' म्हणतात.