पांढरे कापड आणि खसखशीएवढी गोचीड

बर्लिनमध्ये जूनच्या अखेरीस सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतरही बराच वेळ आकाशात उजेड रेंगाळतो. त्यामुळे 'लांगे नाख्त देअर विसनशाफ्टन', म्हणजे विज्ञानाची लांबलचक रात्र, या नावातली रात्र प्रत्यक्षात फार उशिरा उगवते. 2001 पासून चालत आलेल्या या उत्सवात विद्यापीठे, रुग्णालये, प्रयोगशाळा आणि संग्रहालये जूनमधल्या एका शनिवारी संध्याकाळी पाचपासून मध्यरात्रीपर्यंत सर्वांसाठी दारे उघडतात. एकच तिकीट काढायचे आणि पाय चालतील तितके फिरायचे. इथले लोक आजीआजोबांपासून तान्ह्या बाळांपर्यंत सगळ्यांना घेऊन येतात. आपल्याकडच्या जत्रेशी याचे साम्य इतके आहे की, मला मधूनमधून खाज्याचे दुकान कुठे दिसते का, ते पाहावेसे वाटते.

या वेळी आम्ही जैवविविधता आणि माणसाचे आरोग्य या विषयावरचे कार्यक्रम निवडले होते आणि आमचा बराचसा वेळ इन्व्हालिडेनस्ट्रासे येथील निसर्गविज्ञान संग्रहालयात गेला. मुलीला तिथला 13.27 मीटर उंचीचा डायनोसॉरचा सांगाडा कितीही वेळा दाखवला तरी पुरत नाही. मला ओढ असते ती अल्कोहोलमध्ये जतन केलेल्या प्राण्यांच्या बरण्यांची. सुमारे 2 लाख 76 हजार काचेच्या बरण्या मंद पिवळ्या प्रकाशात रांगेने उभ्या असतात. त्यात मासे, बेडूक, साप असे सगळे असते, आणि क्षणभर आपण लोणच्याच्या एखाद्या अवाढव्य कोठारात शिरल्यासारखे वाटते.

त्या संध्याकाळी एका व्याख्यानात मोठमोठे आलेख दाखवून निसर्ग किती आरोग्यदायी आहे, हे सांगितले जात होते. बर्लिनमधल्याच मॅक्स प्लांक मानवविकास संस्थेने 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 295 जणांपैकी काहींना सहा मिनिटे पक्ष्यांचे आवाज ऐकवले आणि काहींना वाहनांची वर्दळ. पक्षी ऐकणाऱ्यांची चिंता कमी झाली, असे त्यातून दिसले. प्रयोग चांगला आहे आणि निष्कर्षावरही माझा विश्वास आहे. पण माझे माहेर सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या दोडामार्ग तालुक्यात आहे. 2016 च्या सुरुवातीला त्या तालुक्यात गोचिडींमार्फत पसरणारा माकडताप आला, तेव्हापासून 'जंगल म्हणजे आरोग्य' असे कोणी सरळ म्हटले की, माझ्या मनात एक लहानसा 'पण' उभा राहतो.

हा 'पण' मला पुढच्याच दालनात टेबलावर ठेवलेला दिसला. तिथे गोचिडींचा स्टॉल होता. पशुवैद्यकाचे शिक्षण घेणारी एक विद्यार्थिनी समोर पांढऱ्या फ्लॅनेलचे साधारण मीटरभर लांबीरुंदीचे कापड काठीला बांधून उभी होती आणि ते गवतावरून हळूहळू ओढल्यावर गोचिडी कशा चिकटून येतात, हे मुलांना दाखवत होती. ते कापड मी ओळखले. आमच्या काजूच्या बागेतून आरोग्य खात्याची माणसे असेच पांढरे कापड ओढत गेली होती आणि शेजारच्या काकांनी 'धुवूक टाकलास काय रे?' अशी त्यांची थट्टा केली होती. मग त्यांनी कापड उलटे करून त्यावर हलणारे ठिपके दाखवले आणि काका गप्प झाले.

सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेली गोचीड अजून वयात आलेली नव्हती. पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हा त्याला सहा पाय असतात. पहिले रक्तभोजन झाले की ते कात टाकते आणि आठ पायांचे होते, पण या दुसऱ्या अवस्थेतही त्याचा आकार खसखशीच्या दाण्याएवढाच असतो. जर्मन लोकही हीच उपमा देतात, कारण त्यांच्याकडे पावावर आणि केकमध्ये खसखस घालतात. गोचीड उडी मारत नाही आणि झाडावरून टपकतही नाही. ती गवताच्या पात्यावर चढते, पुढचे पाय हवेत पसरते आणि वाट पाहते. त्या पायांवरच्या इंद्रियाला श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब कळते. मुलीने काचेजवळ तोंड नेऊन हळूच फुंकर घातली, तेव्हा त्या दाण्याएवढ्या जिवाने खरोखरच दोन्ही पाय उचलून तिच्या दिशेने धरले. तिथून मुलगी हटेना.

इथली गोचीड मुख्यतः दोन आजार पसरवते. बोरेलिया या जिवाणूमुळे होणारा आजार वेळीच ओळखला तर प्रतिजैविकांनी बरा होतो. दुसरा आहे मेंदूज्वराचा विषाणू, ज्याला जर्मनीत एफएसएमई म्हणतात. त्यावर औषध नाही, पण चांगली लस आहे. बव्हेरियात सुट्टीला जाण्यापूर्वी आम्ही तिघांनीही ती घेतली होती. मी त्या विद्यार्थिनीला माकडतापाबद्दल विचारले, तेव्हा तिने चटकन 'क्यासनूर' हे त्याचे वैद्यकीय नाव घेतले आणि मला उगीचच अभिमान वाटला. हे दोन्ही विषाणू एकाच कुळातले, चुलत भावंडेच म्हणा. फरक असा की, इथला मेंदूवर जातो, तर आमच्याकडच्यात तीव्र ताप, अंगदुखी आणि कधी रक्तस्राव होतो.

या नात्याची हकिगत मला माहीत होती, पण ती सांगण्यासाठी याहून योग्य जागा मिळाली नसती. 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, माणसे तापाने पडू लागली आणि सुरुवातीला पीतज्वराची शंका आली. पुण्यातल्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने तपासले तेव्हा तो रशियातल्या मेंदूज्वराच्या विषाणूचा नातेवाईक निघाला. मग प्रश्न पडला की, सायबेरियातून हिवाळ्यात येणारे पक्षी अंगावरच्या गोचिडींबरोबर हा विषाणू घेऊन आले की काय? त्या शोधासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांच्या पायांत ओळखीसाठी कडी घालण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला. पक्ष्यांनी विषाणू आणल्याचे काही सिद्ध झाले नाही, परंतु भारतातल्या स्थलांतराच्या अभ्यासाचा पाया मात्र त्यातून घातला गेला. आणि कडी घालण्याची विद्या सालिम अली कुठे शिकले? 1929 च्या सुमारास ते एर्विन श्ट्रेसेमान यांच्याकडे पक्षिशास्त्र शिकायला बर्लिनला आले होते, ते याच संग्रहालयात. त्याच मुक्कामात हेल्गोलांड बेटावरच्या पक्षिनिरीक्षण केंद्रात त्यांनी कडी घालण्याचा अनुभव घेतला. परत गेल्यावर नोकरी मिळाली नाही, म्हणून ते अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले आणि तिथे त्यांनी सुगरण पक्ष्याचा संसार निरखला. मी हे सगळे त्या विद्यार्थिनीला माझ्या अडखळत्या जर्मनमध्ये सांगितले. मागे रांग वाढत होती, तरीही तिने ऐकून घेतले.

मग मी मुद्द्यावर आले. जास्त प्रकारचे प्राणी असतील तर रोग कमी, असे मघाच्या व्याख्यानात सांगितले, ते कितपत खरे मानावे? तिने हातातली काठी खाली ठेवली. तिचे म्हणणे थोडक्यात असे की, हरणाच्या शरीरात बोरेलिया टिकत नाही, त्यामुळे हरणाला चावलेली गोचीड त्याच्याकडून हा जिवाणू घेत नाही. परंतु वयात आलेल्या गोचिडींचे पोट हरणेच भरतात, त्यामुळे गोचिडींची संख्या वाढते. आजार खरा पसरतो तो उंदरांमुळे. बीच वृक्षाला ज्या वर्षी भरपूर फळे धरतात, त्यानंतर रानउंदीर वाढतात आणि जर्मनीत उंदरांकडून माणसांत येणाऱ्या हंता विषाणूचे रुग्णही वाढतात. उंदरांना खाणारे कोल्हे, घुबडे आणि मार्टेनसारखे लहान शिकारी प्राणी असतील तर चित्र बदलते. म्हणजे नुसती संख्या मोजून भागत नाही, तर कोण कोणाला खातो आणि कोणाच्या अंगावर वाढतो, हे पाहावे लागते.

हे मला चांगलेच समजले, कारण आमच्याकडे हरणाच्या जागी गुरे आहेत. गुरांना माकडताप होत नाही, पण मोठ्या गोचिडी त्यांच्या अंगावर पोसल्या जातात. पश्चिम घाटातल्या अलीकडच्या अभ्यासांत असे दिसले आहे की, दमट सदाहरित जंगल आणि लागवडीची जमीन जिथे एकमेकांत शिरलेली असते आणि गुरेही बरीच असतात, तिथे माकडतापाचा धोका जास्त असतो. हे वर्णन वाचताना मला आमच्या गावाचा नकाशाच दिसतो. मधल्या काळात दक्षिण कन्नड जिल्ह्यात काजूसाठी जंगल तोडल्यानंतर माकडतापाची मोठी साथ आली होती. आमच्याकडे काजूबरोबर आता रबर आणि अननसही आले आहेत. म्हणून माझे मत असे की, दोष सगळा जंगलावर टाकणे जसे चूक, तसेच जंगल म्हणजे मोफत दवाखाना अशी जाहिरात करणेही चूक आहे. मात्र जंगलाच्या कडा आपण जितक्या वाढवत नेतो, तितक्या गोचिडीशी आपल्या भेटी वाढतात, एवढे नक्की.

साडेअकराला आम्ही बाहेर पडलो, तेव्हा ट्रामच्या थांब्यावर मुलगी गुडघ्यांच्या मागे आणि कानांमागे गोचीड चिकटली आहे का, ते तपासत होती. सगळी संध्याकाळ आम्ही फरशीवरच चाललो होतो, हे तिला पटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला फोन केला. त्या वर्षी तिने बागेत जाणे महिनाभर बंद केले होते, आणि अजूनही 'माकड मेलेला दिसला तर थंय जांव नको' हे तिचे वाक्य प्रत्येक पाहुण्याला ऐकावे लागते. मी तिला इथल्या लसीबद्दल सांगितले. ती लगेच म्हणाली, "मगे आमका कित्याक नाय?" कर्नाटकात वर्षानुवर्षे दिलेली जुनी लस पुरेशी उपयोगी ठरली नाही आणि नव्या लसीचे काम चालू आहे, असे मी सांगितले. तिने थोडा वेळ काही उत्तर दिले नाही. मग तिने पाऊस चांगला लागला आहे, भाताचा तरवा काढायला माणसे मिळत नाहीत, असे सांगून फोन बाबांकडे दिला.