टेम्पोतली उडी

अक्कलकोट रोड एमआयडीसीतून चादरींच्या गठ्ठ्यांवर बसून येत होतो. भाचा म्हणतो, "मामा, आत्ता उडी मारली तर टेम्पो पुढं निघून जाईल का ओ?"

नाही बे! टेम्पोचा वेग आपल्या अंगातही असतोच, पाय सुटले म्हणून तो जात नाही. हुतात्मा एक्स्प्रेसच्या एसी डब्यात तर हवाही सोबतच पळते. उडालो तिथंच उतरणार. उघड्या टपावर मात्र वारं छातीवर येतं. ताशी 60 किमीला अर्ध्या सेकंदाच्या उडीत मोठा माणूस साधारण वीतभर मागं सरकेल. वेग निम्मा केला की वाऱ्याचा जोर थेट चौथाईवर!

मधेच ब्रेक लागला तर उलटं, माणूस पुढं. हे सांगतोय तोवर ड्रायव्हरनं खरंच ब्रेक मारला, आणि दोघंही केबिनला चिकटलो.