पाणी चढताना

पक्षी बघायचे म्हणजे पहाटे उठायचे, ही सवय रानात जडते आणि किनाऱ्यावर तोंडघशी पाडते. उजाडताना पोचावे, तर पाणी पार मागे हटलेले आणि चिखलाच्या कडेला काही करडे ठिपके. ते तुतारी, चिखल्या असे चिखलात चरणारे पक्षी आहेत की नुसती ढेकळे, तेही कळत नाही. इथले बहुतेक पाणथळी पक्षी सूर्याकडे बघून दिवस काढत नाहीत. ओहोटीला चरायचे, भरतीला झोपायचे. मग ओहोटी मध्यरात्रीची का असेना.

म्हणून दुर्बिणीआधी भरतीचा तक्ता हवा. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटे जातात, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. पूर्ण भरतीच्या दोन तास आधी जागेवर बसलेले बरे. चढते पाणी पक्ष्यांना आपोआप आपल्याकडे लोटत आणते. ओहोटीमागे चिखल तुडवत जाणाऱ्याच्या वाट्याला फक्त उडालेले थवे येतात. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या मोठ्या भरतीत सगळा चिखल बुडतो आणि पक्षी किनारा सोडून आतल्या पाणथळीत जाऊन बसतात. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीत पाणी अर्ध्यातच थांबते आणि पक्षीही तिथेच, लांबवर. मधली भरती सर्वांत सोयीची.

तक्त्यावर डोळे मिटून विसंबू नये. तो बंदराचा असतो, खाडीत आत पाणी उशिरा पोचते. समुद्राकडून जोराचा वारा असला की पाणी जास्त चढते. हवेचा दाब एक मिलिबारने उतरला तरी पातळी साधारण एक सेंटीमीटरने वाढते. बसण्याआधी पाठीमागे ओहळ आहे का, हे आवर्जून बघावे. समोरच्या लाटांवर नजर खिळलेली असते आणि पाणी गुपचूप मागच्या ओहळातून शिरून परतीची वाट बंद करते. ऊन पाठीशी असावे. उन्हाकडे तोंड केले, तर सगळेच पक्षी काळे.

शरद सरत येईपर्यंत विणीच्या काळातले तांबडे-काळे रंग उतरलेले असतात आणि सगळ्यांनी एकच करडा गणवेश चढवलेला असतो. नवखे लोक रंग शोधत बसतात आणि वैतागतात. चाल बघावी. चिखल्या चार पावले पळतो, थबकतो, टिपतो, पुन्हा पळतो. त्याचा डोळा मोठा, चोच आखूड, कारण तो भक्ष्य नजरेने हेरतो. तुतारी मान खाली घालून चिखलात चोच खुपसत सुटते. तिला चोचीच्या टोकाने शोधायचे असते. मागे सरणाऱ्या लाटेच्या कडेने तुरुतुरु धावून, पुढची लाट आली की उलट पळणारा फिकट पक्षी बहुधा सँडरलिंग. तो जवळ आला तर पाय नीट बघा: मागचे बोट नसतेच.

काही खुणा उडाल्याशिवाय दिसत नाहीत. प्लोव्हर म्हणजे चिखल्याच; त्यातल्या करड्या प्लोव्हरच्या बगलेत काळा डाग असतो. सोनेरी प्लोव्हरला तो नसतो. गॉडविट हा लांब चोचीचा पाणथळी पक्षी; काळ्या शेपटीच्या गॉडविटच्या पंखावर ठळक पांढरा पट्टा उमटतो. पट्टेरी शेपटीच्या गॉडविटला तसा पट्टा नसतो.

पण त्या खुणांसाठी थवा उडवणे हा शुद्ध आडदांडपणा. पट्टेरी शेपटीच्या एका कोवळ्या गॉडविटने २०२२ साली अलास्काहून टास्मानियापर्यंत सुमारे १३,५६० किलोमीटर अंतर ११ दिवसांत न थांबता कापले. अशा उड्डाणाआधी हे पक्षी चरबी साठवतात आणि आतड्यांसारखे अवयव आकसून घेतात. इतका हिशेबी जीव भरतीच्या विश्रांतीत चार वेळा उठवला, तर साठवलेली ताकद फुकट जाते. झोपलेल्या थव्यातल्या माना एकेक करून वर यायला लागल्या की आपण फार जवळ आलो आहोत. तिथूनच सावकाश मागे सरावे. उडायचे कारण द्यायला ससाणा आहेच.

मोजणी थवा बसलेला असतानाच उरकावी. दहा पक्षी नीट मोजायचे, त्यांनी व्यापलेली जागा डोळ्यांत धरायची आणि तेवढेच तुकडे थव्यावर पाडत जायचे. मोठ्या, दाट थव्याचा अंदाज बहुधा कमीच निघतो, म्हणून दुसऱ्या टोकाकडून पुन्हा एकदा मोजावे.

टेलिस्कोप २० ते ६० पट वाढवणारा असला, तरी काम २५-३० पटीतच होते. ऊन तापले की हवा थरथरते आणि ६० पटीत फक्त ती थरथरच मोठी दिसते. वाऱ्यात ट्रायपॉड बुटका ठेवून खाली बसावे. काचेवर वाळू उडाली तर कोरड्या कपड्याने पुसू नये, काचेवरच्या पातळ लेपावर ओरखडे उठतात. आधी फुंकणीने वाळू झाडावी, मग ओलसर मऊ कापड. ट्रायपॉडचे पाय पूर्ण बाहेर काढून गोड्या पाण्याने धुवावेत आणि उघडेच वाळवावेत. ओले मिटून ठेवले, तर आतली खारट वाळू पुढच्या वेळेपर्यंत पकडी घट्ट करून ठेवते.